महाविद्यालयीन संकेतस्थळांसाठी पायाभूत साचा कसा उभारावा

दुसऱ्या महाविद्यालयाचे संकेतस्थळ करताना मी पहिल्याचेच फोल्डर कॉपी केले होते. नाव बदलले, बोधचिन्ह बदलले, प्राचार्यांचे छायाचित्र बदलले. राहून गेला तो तळपट्टीतला दूरध्वनी क्रमांक. प्रवेशाचे दिवस होते, आणि चार दिवस पालक एका महाविद्यालयाच्या कार्यालयात फोन करून दुसऱ्याच महाविद्यालयाची फी विचारत होते. चूक सर्वस्वी माझी होती. तिच्यातून एवढे पक्के कळले की जुने संकेतस्थळ कॉपी करणे आणि साचा तयार ठेवणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. ज्यात कोणत्याही महाविद्यालयाचे नाव, क्रमांक किंवा रंग कायमचा कोरलेला नसतो आणि ज्यात बदलणारी प्रत्येक गोष्ट एकाच ठरलेल्या जागी ठेवलेली असते, तो साचा. पुढील पायऱ्या नवशिक्यांसाठी, विशेषतः संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी आणि ज्यांच्यावर संकेतस्थळाची जबाबदारी नव्याने आली आहे अशा शिक्षकांसाठी लिहिल्या आहेत.

फाइलींची आणि आज्ञांची नावे येथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत. संगणकावर ती रोमन लिपीत व लहान अक्षरांत टाइप करावीत.

पहिली पायरी: संगणकाआधी वही

संगणक सुरू करण्यापूर्वी महाविद्यालयाच्या कार्यालयात एक सकाळ बसावे. कोणती माहिती रोज बदलते, कोणती सत्रागणिक, कोणती वर्षातून एकदा आणि कोणती कधीच बदलत नाही, असे चार रकाने वहीत आखावेत आणि प्रत्येक बाबीपुढे ती बदलणाऱ्या व्यक्तीचे पद लिहावे. परीक्षेची सूचना परीक्षा विभागाचा लिपिक देतो, ग्रंथालयाची वेळ ग्रंथपाल ठरवतात, समित्यांची यादी दरवर्षी जूनमध्ये नव्याने निघते, आणि संस्थेच्या स्थापनेचा इतिहास एकदा लिहिला की कोणी त्याकडे फिरकत नाही. साच्याची सगळी रचना या चार रकान्यांतूनच ठरते.

एकाच शहरातली महाविद्यालयेही एकसारखी नसतात, हे नाशिकमध्ये चटकन लक्षात येते. येथील कला, वाणिज्य व विज्ञान शाखांची पारंपरिक पदवी महाविद्यालये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत. वैद्यकीय, आयुर्वेद किंवा परिचर्या महाविद्यालय असेल तर ते महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे येते, ज्याचे मुख्यालय नाशिकमध्येच आहे. शिवाय यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे अभ्यासकेंद्र एखाद्या महाविद्यालयाच्याच इमारतीत चालत असते. अभियांत्रिकी महाविद्यालयाला अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या अटी लागू होतात. अनेक ठिकाणी अकरावी-बारावीचा कनिष्ठ विभाग त्याच आवारात असतो, आणि त्याच्या सूचना पदवीच्या सूचनांत मिसळल्या की पालकांचा गोंधळ उडतो. म्हणून संलग्नता, नियामक संस्था आणि कनिष्ठ विभाग आहे की नाही, या गोष्टी साच्यात गृहीत न धरता त्या निवडण्याची सोय ठेवावी.

दुसरी पायरी: साधने

वर्डप्रेसवरही असा साचा करता येतो, आणि कार्यालयातील व्यक्तीला तो ओळखीचा वाटतो हे खरे आहे. परंतु प्लगइन व मूळ प्रणाली वेळच्या वेळी अद्ययावत ठेवणारे कोणी नसेल, तर असे संकेतस्थळ हमखास घुसखोरांच्या हाती लागते, आणि महाविद्यालयांत हे काम नेमके कोणाचे असा प्रश्न वर्षभर अनुत्तरित राहतो. म्हणून येथे ह्यूगो हे विनामूल्य साधन घेतले आहे. ते मजकुराच्या साध्या फाइलींवरून तयार एचटीएमएल पाने बनवते. सर्व्हरवर डेटाबेस नसतो, लॉगिनचे पान नसते, आणि निकालाच्या दिवशी एकाच वेळी हजारो जणांनी पान उघडले तरी सर्व्हरला फक्त तयार फाइल द्यायची असते.

ह्यूगो, गिट (फाइलींतील बदलांची नोंद ठेवणारे साधन) आणि कोड लिहिण्याचा कोणताही संपादक एवढे तीन प्रोग्रॅम संगणकावर बसवावेत. त्यानंतर टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत, ‘ह्यूगो न्यू साइट’ असे लिहून पुढे फोल्डरचे नाव द्यावे. तयार झालेल्या फोल्डरमध्ये कंटेंट, डेटा, लेआउट्स, स्टॅटिक आणि आर्किटाइप्स ही उपफोल्डरे दिसतील. मजकूर कंटेंटमध्ये, याद्या डेटामध्ये, पानांची मांडणी लेआउट्समध्ये, बोधचिन्हासारख्या फाइली स्टॅटिकमध्ये आणि नव्या पानाचा कोरा नमुना आर्किटाइप्समध्ये राहतो. त्याच फोल्डरमध्ये ‘गिट इनिट’ ही आज्ञा देऊन पहिली नोंद करून ठेवावी, म्हणजे पुढे काही बिघडले तर मागे जाता येते. ‘ह्यूगो सर्व्हर’ ही आज्ञा दिली की आपल्याच संगणकावर १३१३ या पोर्टवर (ब्राउझरमध्ये localhost:1313 या पत्त्यावर) संकेतस्थळ दिसू लागते आणि फाइल जतन करताच पानात बदल होतो.

ह्यूगोच्या लेआउट्स फोल्डरची रचना २०२५ मध्ये बदलली आहे. जुन्या व्हिडिओंमधील फोल्डरांची नावे आपल्याकडील नावांशी जुळली नाहीत तर आपलेच काही चुकले असे समजू नये. ज्या आवृत्तीवर साचा बनवला तिचा क्रमांक मात्र रीडमी फाइलच्या, म्हणजे साच्याची माहिती देणाऱ्या फाइलच्या, पहिल्या ओळीत लिहावा.

तिसरी पायरी: महाविद्यालयाची ओळख एकाच फाइलमध्ये

मुळाशी असलेली ‘ह्यूगो डॉट टॉमल’ ही मांडणीची, म्हणजे संपूर्ण संकेतस्थळाच्या सेटिंग्जची, फाइल उघडावी आणि तिच्या पॅराम्स या भागात महाविद्यालयाची सर्व ओळख भरावी: मराठी व इंग्रजी पूर्ण नाव, संक्षिप्त नाव, चालक संस्थेचे नाव, पत्ता, दूरध्वनी, ईमेल, संलग्न विद्यापीठ, स्थापना वर्ष, मुख्य रंग व दुय्यम रंग. लेआउटमध्ये जेथे जेथे नाव हवे तेथे अक्षरे न लिहिता या नोंदीचा संदर्भ द्यावा. दूरध्वनी क्रमांक पानावर देवनागरी अंकांत दाखवायला हरकत नाही, परंतु बोट लावताच फोन लागावा यासाठी जो दुवा असतो त्यात रोमन अंकच लागतात. म्हणून क्रमांकाच्या दोन नोंदी ठेवाव्यात.

संक्षिप्त नावाची नोंद चैनीची नव्हे. आपल्याकडे महाविद्यालयाच्या नावात आधी चालक मंडळ, मग ज्यांच्या देणगीतून इमारत झाली त्यांचे नाव, मग शाखा आणि शेवटी गाव अशी मालगाडी असते. पूर्ण नाव मोबाइलच्या शीर्षपट्टीत टाकले की अर्धा पडदा त्यातच संपतो. रुंद पडद्यावर पूर्ण नाव आणि अरुंद पडद्यावर संक्षिप्त नाव, अशी व्यवस्था साच्यातच असावी.

चौथी पायरी: माणसे आणि समित्या

शिक्षकांची यादी थेट पानावर टाइप करू नये. डेटा फोल्डरमध्ये ‘स्टाफ’ नावाची यॅमल फाइल (नोंदी ओळीओळीने लिहिण्याची साधी मजकूर फाइल) करून प्रत्येक व्यक्तीसाठी एक लहानसा ओळखशब्द, नाव, पदनाम, विभाग, अर्हता आणि छायाचित्राचे नाव लिहावे. यॅमलमध्ये ओळी आत सरकवण्यासाठी टॅब चालत नाही, फक्त मोकळ्या जागा चालतात. नवशिक्यांच्या निम्म्या अडचणी येथेच असतात. सुदैवाने चूक झाली तर ह्यूगो पान तयार करण्यास नकार देतो आणि आधीचे संकेतस्थळ जसेच्या तसे राहते.

या फाइलमध्ये ‘क्रम’ नावाची एक नोंद अवश्य ठेवावी. यादी आडनावाच्या अक्षरक्रमाने लावली की ती तांत्रिकदृष्ट्या नीट दिसते, आणि दुसऱ्याच दिवशी सेवाज्येष्ठतेचा प्रश्न घेऊन कोणीतरी दारात उभे राहते. क्रम १, २, ३ असे न देता १०, २०, ३० असे द्यावेत, म्हणजे मध्ये कोणाची नेमणूक झाली तर २५ देऊन काम भागते आणि खालचे सगळे आकडे बदलावे लागत नाहीत.

समित्यांच्या फाइलींमध्ये नावे पुन्हा लिहू नयेत. स्टाफ फाइलमधील ओळखशब्दच द्यावा. एकच व्यक्ती एका पानावर ‘डॉ.’ तर दुसऱ्यावर ‘प्रा. डॉ.’ असे होणे त्यामुळे टळते. समित्यांची फाइल शैक्षणिक वर्षागणिक वेगळी ठेवावी आणि जुनी पुसू नये, कारण तीन वर्षांपूर्वी समितीवर कोण होते हे मूल्यांकनाच्या वेळी विचारले जाते. त्याच कारणाने निवृत्त शिक्षकांची नोंद स्टाफ फाइलमधून काढू नये. ‘कार्यरत: नाही’ एवढे लिहावे, नाहीतर जुन्या समित्यांतून त्यांचे नाव नाहीसे होते.

पाचवी पायरी: सूचनाफलक

महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर विद्यार्थी बहुधा सूचना पाहायलाच येतो. बाकी पाने बाहेरच्यांसाठी असतात. त्यामुळे साच्यातला सर्वाधिक वेळ येथे घालवावा.

आर्किटाइप्समध्ये सूचनेचा कोरा नमुना करावा. त्यात शीर्षक, दिनांक, विभाग, वर्ग, अंतिम मुदत, जोडलेली पीडीएफ आणि तीन ओळींचा सारांश एवढ्या नोंदी असाव्यात. सारांश सक्तीचा करावा. तो नसेल तर पान तयारच होऊ नये अशी अट लेआउटमध्ये घालता येते. याचे कारण असे, की कार्यालयातून येणारी पीडीएफ बहुतेक वेळा सहीशिक्क्यासह स्कॅन केलेली असते. ते केवळ चित्र असते. शोधयंत्राला त्यातील शब्द सापडत नाहीत आणि दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या वाचक सॉफ्टवेअरला ते वाचता येत नाही. सुरगाणा किंवा पेठ तालुक्यातून येणारा विद्यार्थी घरी गेल्यावर कमी रेंजमध्ये ती चार एमबीची फाइल उतरवत बसतो आणि आत एवढेच असते की अर्जाची मुदत शुक्रवारपर्यंत वाढवली आहे.

दिनांकाच्या बाबतीत ह्यूगोचे दोन गुण आधीच माहीत असलेले बरे. पहिला म्हणजे भविष्यातील दिनांकाचे पान तो तयार करत नाही. मी एकदा सकाळी अकराची वेळ घालून परीक्षेच्या अर्जाची सूचना टाकली, सव्वाअकराला प्रसिद्ध केली, आणि ती दिसेचना. लेआउट तपासले, ब्राउझरची साठवण पुसली, संगणकही बंद करून पुन्हा सुरू केला. अखेरीस कळले की टाइमझोनचा उल्लेख नसल्यामुळे ह्यूगो त्या अकराचा अर्थ जागतिक प्रमाणवेळेतले अकरा असा घेत होता, आणि भारतीय वेळ तिच्यापुढे साडेपाच तास असल्याने त्याच्या लेखी त्या सूचनेची वेळ दुपारी साडेचारला यायची होती. मांडणीच्या फाइलमध्ये टाइमझोन म्हणून ‘एशिया/कोलकाता’ ही एक ओळ घातली की हा प्रश्न कायमचा सुटतो. ती साच्यात पहिल्या दिवसापासून असावी.

दुसरा गुण अधिक घातक आहे. ह्यूगोमध्ये ‘एक्स्पायरी डेट’ नावाची तयार नोंद आहे आणि अंतिम मुदतीसाठी तीच वापरण्याचा मोह होतो. परंतु ती तारीख उलटल्यावर पुढच्या बांधणीत, म्हणजे पाने पुन्हा तयार करताना, ह्यूगो ते पानच वगळतो. मुदत संपली म्हणजे सूचना नष्ट व्हावी असे नसते. ती मुखपृष्ठावरून उतरून संग्रहात जावी. नॅकला, म्हणजे महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय परिषदेला, सादर होणाऱ्या अहवालांत पुराव्यादाखल संकेतस्थळावरील पानांचे पत्ते दिलेले असतात, आणि तपासणाऱ्याने दुवा दाबल्यावर ‘पान सापडले नाही’ असे दिसणे महाविद्यालयाला महागात पडू शकते. म्हणून अंतिम मुदतीसाठी आपल्या नावाची स्वतंत्र नोंद ठेवावी आणि मुखपृष्ठावरील यादी तिच्या आधारे गाळावी.

सरकत्या पट्टीविषयी. प्राचार्यांपासून शिपायापर्यंत सर्वांना ती हवी असते, आणि तिच्याशेजारी लुकलुकणारे ‘नवीन’ही. सरकणारा मजकूर पाच सेकंदांहून अधिक काळ चालत असेल तर तो थांबवण्याची सोय असावी, असे वेब सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत म्हटले आहे. मी सरळ स्थिर यादी ठेवतो आणि पहिल्या तीन सूचनांना ठळक कड देतो. आजवर कोणी पट्टी परत मागितलेली नाही.

सहावी पायरी: मराठी नीट दिसावी म्हणून

साच्याच्या मुख्य लेआउटमध्ये पानाची भाषा ‘एमआर’ अशी नोंदवावी. त्यामुळे वाचक सॉफ्टवेअर मराठी उच्चार निवडू शकते आणि काही फॉन्ट ‘ल’ व ‘श’ यांची मराठी वळणे दाखवतात. इंग्रजी पानांवर अर्थातच ‘ईएन’ असावे. ‘मुक्त’ किंवा ‘नोटो सान्स देवनागरी’ यांसारखा मुक्त परवान्याचा युनिकोड फॉन्ट साच्यातच ठेवावा; तो बाहेरच्या सर्व्हरवरून मागवू नये. वेलांट्या, उकार व रफार यांना वरखाली जागा लागते, म्हणून ओळींतील अंतर अक्षराच्या आकाराच्या किमान १.६ पट असावे. इंग्रजीसाठी बनवलेल्या तयार थीममध्ये हे अंतर कमी असल्याने मराठी परिच्छेद गुदमरल्यासारखे दिसतात.

कार्यालयातून श्रीलिपीत किंवा तत्सम जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर आला तर तो तसाच चिकटवू नये; पानावर निरर्थक चिन्हे उमटतील. आधी रूपांतरकातून युनिकोडमध्ये आणावा आणि मग जोडाक्षरे डोळ्यांनी तपासावीत, विशेषतः ‘ऱ्या’, ‘र्‍हा’ आणि ‘ज्ञ’.

पानांचे पत्ते मात्र रोमन अक्षरांतच ठेवावेत. यात मराठीचा अनादर नाही, केवळ व्यवहार आहे. देवनागरीचे एक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेते आणि पत्ता कॉपी केल्यावर प्रत्येक बाइटची टक्केचिन्हासह ३ अक्षरे होतात. ‘सूचना’ या शब्दात स, ऊकार, च, न आणि काना अशी ५ चिन्हे आहेत. म्हणजे एवढ्याशा शब्दाची व्हॉट्सॲपवर ४५ अक्षरांची माळ होते.

रंगांसाठी एकच नियम पाळावा: मजकूर आणि पार्श्वभूमी यांतील तफावत ४.५ : १ पेक्षा कमी नसावी. केशरी पट्टीवर पांढरी अक्षरे हा आपल्याकडील आवडता जोड या कसोटीला उतरत नाही. राष्ट्रध्वजासारख्या केशरीवर ती तफावत जेमतेम २ : १ भरते. केशरी ठेवायचाच असेल तर अक्षरे गडद करावीत.

सातवी पायरी: असायलाच हवीत अशी पाने

ही पाने साच्यात कोरी, पण शीर्षकांसह तयार ठेवावीत: रॅगिंगविरोधी समिती व १८००-१८०-५५२२ हा राष्ट्रीय साहाय्य क्रमांक, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत तक्रार समिती, विद्यार्थी तक्रार निवारण, महाविद्यालय विकास समिती, गुणवत्ता कक्षाचे वार्षिक अहवाल, आणि अनुदानित महाविद्यालय असल्यास माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मधील कलम ४ खालील माहिती. यांतील एखादे पान रिकामे राहिले तर ते मेनूत दिसू नये, परंतु साचा चालवताना ‘हे पान भरायचे आहे’ असा इशारा टर्मिनलमध्ये यावा.

गुणवत्ता याद्या प्रसिद्ध करताना मोबाइल क्रमांक, आधार क्रमांक व जन्मतारीख हे रकाने काढून टाकावेत. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला आहे. पण कायदा नसता तरी मुलींचे मोबाइल क्रमांक उघड्यावर टाकणे गैरच असते.

शिबिरांची छायाचित्रे १६०० पिक्सेल रुंदीपर्यंत लहान करून वेबपी स्वरूपात ठेवावीत. ह्यूगो हे काम स्वतः करू शकतो.

आठवी पायरी: साचा खरोखर साचा आहे का

तपासणीसाठी मांडणीच्या फाइलमध्ये मुद्दाम एक लांबलचक बनावट नाव घालावे: ‘अमुक शिक्षण प्रसारक मंडळाचे कै. अमुक तमुक कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालय, नाशिक’. रंग भडक जांभळा करावा आणि दूरध्वनी म्हणून सगळे शून्य द्यावेत. आता सगळे संकेतस्थळ मोबाइलवर चाळावे. जेथे जांभळा नाही किंवा शून्य नाहीत, तेथे काहीतरी कोरलेले राहून गेले आहे. मग संपादकातील शोध वापरून ते बनावट नाव पूर्ण फोल्डरमध्ये शोधावे, अर्थात ह्यूगोने तयार केलेले ‘पब्लिक’ फोल्डर वगळून. ते एकाच फाइलमध्ये सापडायला हवे. दुसऱ्या फाइलमध्ये सापडले तर माझ्या त्या तळपट्टीची पुनरावृत्ती होणार हे निश्चित समजावे.

तपासणी पार पडल्यावर गिटहबवर (गिटची फोल्डरे ठेवण्याच्या संकेतस्थळावर) फोल्डर चढवून सेटिंग्जमध्ये ते ‘टेम्पलेट रिपॉझिटरी’ म्हणून नोंदवावे. म्हणजे नव्या महाविद्यालयासाठी एका बटणात स्वच्छ प्रत निघते. १०० एमबीहून मोठी फाइल गिटहब स्वीकारत नाही, आणि वर्षानुवर्षांच्या पीडीएफ तेथे साठवल्या तर फोल्डर अवजड होते, म्हणून जुनी कागदपत्रे सर्व्हरवरील वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून त्यांचा मूळ पत्ता मांडणीच्या फाइलमध्ये द्यावा.

नववी पायरी: सुपूर्द करताना

शैक्षणिक संस्थांसाठीचे ‘एसी डॉट इन’ हे डोमेन (संकेतस्थळाच्या पत्त्याचे नाव) अर्नेट इंडिया या शासकीय संस्थेकडून मिळते. अर्ज करताना संपर्काचा ईमेल महाविद्यालयाच्या कार्यालयाचा द्यावा. काम करणाऱ्या विद्यार्थ्याचा किंवा कंत्राटदाराचा कदापि देऊ नये. विद्यार्थी उत्तीर्ण होऊन पुण्याला जातो, नूतनीकरणाची सूचना त्याच्या जुन्या ईमेलवर येते, आणि एके दिवशी संकेतस्थळ बंद पडते. गिटहबचे खातेही महाविद्यालयाच्याच नावे असावे आणि किमान दोन व्यक्तींकडे त्याचे अधिकार असावेत.

शेवटी सूचना प्रसिद्ध करण्याची पद्धत रीडमी फाइलमध्ये मराठीत लिहावी. ती लिहून झाल्यावर जो लिपिक हे काम करणार आहे त्याला लॅपटॉप द्यावा, एक खरी सूचना टाकायला सांगावी आणि आपण शेजारी गप्प बसावे. तो जेथे अडेल आणि “सर, इथं काय करायचं?” असे विचारेल, तेथे तोंडी उत्तर देऊन मोकळे न होता तेच उत्तर रीडमीत त्याच जागी लिहावे, आणि त्याला ती सूचना पुन्हा पहिल्यापासून टाकायला लावावी.